मिटलेला पेला

बुरशीने पेल्याचा आकार घेतला तो हवेसाठी. पावसाळ्यात पश्चिम घाटातल्या दाट रानात कुजक्या काटक्यांवर गुलाबी-नारिंगी रंगाचे, बोटाच्या पेराएवढे पेले उभे दिसतात. शास्त्रात त्यांना कुकेना म्हणतात. पेल्यात पावसाचे पाणी साचलेले असते, त्यामुळे हा आकार पाणी धरायलाच असावा असे पाहणाऱ्याला वाटते. खरे काम मात्र आतल्या गुळगुळीत अस्तराचे असते. त्या अस्तरात सूक्ष्म नळ्या दाटीवाटीने उभ्या असतात आणि प्रत्येक नळीत बहुधा आठ बीजाणू असतात. नळीतला दाब वाढत जातो, टोक उघडते आणि बीजाणू बाहेर फेकले जातात. पण बीजाणू इतका हलका, की एकट्याने निघाला तर हवा त्याला काही मिलिमीटरांतच थोपवते. म्हणून पेला एकेक बीजाणू सोडत बसत नाही. हजारो नळ्या एकदम फुटतात, आणि त्या सगळ्यांच्या धक्क्याने हवेचाच एक झोत तयार होतो. पिकांवर पडणाऱ्या स्क्लेरोटिनिया नावाच्या पेलाबुरशीवर अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१० साली हे मोजून दाखवले. एकटा बीजाणू तीनेक मिलिमीटर जातो, झोताबरोबर निघालेला दहा सेंटिमीटरच्याही पलीकडे पोहोचतो. पक्व पेल्यावर हलकी फुंकर घातली तर धुराची रेघ उठताना डोळ्यांना दिसते. कधी कधी बारीकसा फुसकाराही ऐकू येतो.

तर मग याच घराण्यातल्या काही जणींनी जमिनीखाली जायचे का ठरवले असेल?

'ठरवले' हा शब्द अर्थातच चुकीचा. उत्क्रांतीत कुणी काही ठरवत नाही, आणि हे एकदा घडून संपलेलेही नाही. पेलाबुरशीच्या वेगवेगळ्या शाखांत, वेगवेगळ्या काळी, एकमेकींचा संबंध नसताना ही जमिनीखालची चाल पुन्हा पुन्हा झाली आहे. उघड्यावरचा पेला कोरड्या वाऱ्यात एका दुपारी सुकून जातो. मातीत ओल टिकते, थंडी बोचत नाही. त्या सुरक्षिततेची किंमत मात्र मोठी. मातीत वारा नाही आणि फेकलेला बीजाणू उडून जायला जागाही नाही.

काही जाती या प्रवासाच्या मध्यावर थांबल्यासारख्या दिसतात, आणि बघायला त्याच सगळ्यांत गमतीच्या. युरोप-अमेरिकेतल्या जंगलांत आढळणारी सार्कोस्फेरा कोरोनारिया मातीत पोकळ गोळा म्हणून वाढते. पक्व झाली की वरची माती उचलते, तिचे डोके चिरते आणि टोकदार पाकळ्या बाहेर वळून आतला जांभळा रंग दिसू लागतो. चुनखडीच्या जमिनीत, बीच किंवा पाइनच्या मुळांशी ती असते. युरोपातल्या कित्येक देशांत तिची गणना धोक्यात आलेल्या जातींत होते. तिचा आणखी एक लौकिक म्हणजे आर्सेनिक. मातीतले आर्सेनिक ती अंगात अशी साठवते, की सुक्या वजनाच्या दर किलोमागे सात हजार मिलिग्रॅमपर्यंत प्रमाण मोजले गेले आहे. पूर्वी लोक तिला शिजवून खात असत, हे वाचून अंगावर काटा येतो. जिओपोरा ही तिची दूरची नातेवाईक सीडारच्या झाडांखाली अशीच पोकळ गोळ्याच्या रूपात वाढते आणि वसंतात जमिनीच्या पातळीवर फुटते. दोघींनाही मातीची ऊब हवी आहे, पण शेवटच्या क्षणी वाराही सोडवत नाही.

ट्रफल नावाच्या जमिनीखालच्या बुरशीने मात्र वाऱ्याचा नादच सोडला. उकडीची पारी हातावर घेऊन कळ्या पाडत पाडत तोंड मिटवावे, तसा पेल्याचा काठ आत आत वळत गेला. अस्तराला घड्यांवर घड्या पडल्या, आणि शेवटी तोंड बंद झाले. ट्रफल आडवा कापल्यावर दिसणाऱ्या पांढऱ्या-काळ्या नागमोडी रेषांत ती घडी अजून वाचता येते. बीजाणू आत कोंडलेले, म्हणजे आता गोळ्यालाच कुणीतरी उकरून, खाऊन, दूर नेऊन टाकले पाहिजे. त्यासाठी वास. डुक्कर ट्रफल शोधते ते ट्रफलमधल्या, नर डुकराच्या वासासारख्या द्रव्यामुळे, ही कथा फार लोकप्रिय आहे. आजही लेखांतून ती चवीने सांगतात. पण १९९० साली फ्रान्समध्ये झालेल्या प्रयोगांत डुकरांनी आणि कुत्र्यांनी त्या द्रव्याला भाव दिला नाही, साध्या डायमिथाइल सल्फाइडमागे मात्र ती धावली. इटलीने तर १९८५ मध्ये डुकरांना या कामावरून काढूनच टाकले, कारण ती सापडलेला माल खातात आणि झाडाची मुळे उसकटतात. कणगर आणि सुरण उकरून गेलेला रानडुक्कर ज्यांनी पाहिला आहे, त्या कोकणी माणसाला या निर्णयाचे कारण समजावून सांगावे लागणार नाही.

भारताच्या नावाचाही एक ट्रफल आहे. मसुरीच्या परिसरात डुथी या वनस्पतिशास्त्रज्ञाने गोळा केलेल्या नमुन्यांवरून कुक आणि मॅसी यांनी १८९२ साली ट्युबर इंडिकम या जातीचे वर्णन केले. पुढे हेच नाव जगाच्या बाजारात गाजले ते चीनमुळे. युन्नान आणि सिचुआनमधून या जातीचा स्वस्त माल युरोपात जाऊ लागला, दिसायला अस्सल फ्रेंच काळ्या ट्रफलसारखा आणि वासाला फिका. २००८ साली इटलीतल्या एका ट्रफलबागेच्या मातीत तिचा शिरकाव झाल्याचे सिद्ध झाले, तेव्हा तिथले बागाईतदार हादरले. जगातल्या महागड्या बुरशींपैकी एक, आणि तिच्यातली भेसळ ती 'इंडिकम'. नाव भारताचे, माल युन्नानचा आणि धसका इटलीचा.

रत्नागिरीत मात्र ट्रफल नाही, आणि त्याचे कारण झाडांत आहे. ट्रफलचे तंतू ओक, हेझल, बीच, पाइन यांच्या बारीक मुळांवर बाहेरून म्यान चढवतात आणि देवघेव करतात: झाडाने साखर द्यायची, बुरशीने पाणी आणि फॉस्फरस. आंबा, काजू, फणस, जांभूळ यांचीही मुळांतल्या बुरशीशी मैत्री आहे, पण ती वेगळ्या घराण्याशी. ती बुरशी मुळाच्या पेशींच्या आत शिरून राहते, आणि तिला डोळ्यांना दिसेल असे फळ सहसा धरत नाही. जांभ्याच्या सड्यावर तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, ओल भरपूर असते, पातेरा कुजत असतो. तरी ट्रफलला हवे ते झाड नाही. हापूसच्या कलमाखाली ट्रफल लावण्याचे स्वप्न कुणी पाहत असेल तर त्याने ते आधी आंब्याच्या मुळांना विचारावे.

तरीही जमिनीखालची पेलाबुरशी रत्नागिरीकरांना ठाऊक आहे, फक्त ती ठाऊक होण्याचा रस्ता समुद्रावरून जातो. राजापूर, चिपळूण, खेड, दापोली, रत्नागिरी या तालुक्यांतल्या कोकणी मुसलमान घरांतली कितीतरी माणसे गेल्या पन्नासेक वर्षांत आखातात नोकरीला गेली. कुवेतमध्ये काही हिवाळे काढलेल्या माणसाला 'फगा' ही वाळवंटातली जमिनीखालची बुरशी माहीत नसणे अवघड. अरबीत एरवी तिला 'कमा' म्हणतात. टेर्फेझिया आणि टिर्मानिया या दोन प्रजाती त्यात येतात, आणि दोन्हींचे कुळ पेझिझेसी, म्हणजे उघड्या पेल्यांचेच. बटाट्याएवढे, वाळूने माखलेले गोळे, हंगामात ढिगाने विकायला येतात. पांढरी 'झुबैदी' महाग, लालसर 'इखलास' तिच्या खालोखाल. हदीसमध्ये कमाचा उल्लेख आहे. ती ईश्वराने दिलेल्या 'मन्न'पैकी आणि तिचे पाणी डोळ्यांना गुणकारी, असे तिथे सांगितले आहे. त्यामुळे कोकणातल्या मशिदीत प्रवचन ऐकत मोठा झालेला मुलगा हा शब्द आधी कानाने ओळखत असतो, आणि वस्तू त्याला कुवेतच्या बाजारात पहिल्यांदा हाताळायला मिळते.

वाळवंटात ओकही नाही आणि पाइनही नाही. ही बुरशी हेलियांथेमम नावाच्या वीतभर उंचीच्या पिवळ्या फुलांच्या झुडपाच्या मुळांशी राहते. शरद ऋतूच्या अखेरीस 'वसमी' नावाचा पाऊस पडला तर पुढच्या दोन-तीन महिन्यांत कमा धरते. तो चुकला तर वर्ष गेले. गोळा वाढला की वरची वाळू किंचित फुगते, तिला बारीक चीर पडते. सकाळी सूर्य खाली असताना त्या फुगीर जागेची सावली पडते, आणि जाणते बेदुईन, म्हणजे वाळवंटातले भटके अरब, तेवढ्यावर हात घालतात. खाण्याच्या या हौसेला अलीकडे भयंकर किंमतही मोजावी लागली आहे. सीरियात युद्धानंतर माळरानात सुरुंग पेरलेले राहिले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये अल-सुखना गावाजवळ कमा वेचायला गेलेल्या लोकांवर झालेल्या हल्ल्यात पन्नासहून अधिक माणसे मारली गेली.

बेदुईन कमाला विजेची, मेघगर्जनेची लेक मानतात. गडगडाट जितका जास्त तितके पीक चांगले, असा त्यांचा विश्वास. हे ऐकून कोकणातल्या कुणाही म्हातारीने मान डोलावली असती, कारण वीज कडाडली की अळंबी वर येतात हे तिनेही लहानपणापासून ऐकलेले असते. अरबी वाळवंट आणि कोकणचा सडा यांच्यात साम्य म्हणून दाखवावे असे दुसरे फारसे काही नाही. जपानमधल्या इवाते विद्यापीठात ताकाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिताके मशरूमच्या ओंडक्यांना उच्च दाबाचे विजेचे झटके देऊन पाहिले, आणि उत्पादन चांगलेच वाढले. त्यावरून कोकणातली म्हातारी बरोबर होती असे लगेच लिहून टाकायचा मोह होतो. पण ओंडक्याला तार जोडणे वेगळे आणि दोन कोसांवर वीज पडणे वेगळे. कोकणात गडगडाट मुख्यतः पावसाच्या तोंडावर आणि परतीच्या वेळी होतो. तोंडावरच्या त्या पावसानेच तापलेली माती पहिल्यांदा खोलवर भिजते आणि थंड होते. अळंबीला बहुधा ती ओल आणि थंडाई कळते. वीज सोबत असते म्हणून मान तिला मिळतो.

कोकणातली ही अळंबी पेलाबुरशी नव्हे. ती छत्रीवाली, टोपीच्या खाली उभे पडदे असलेली. पण जमिनीखालच्या मुक्कामाच्या बाबतीत ती ट्रफलपेक्षाही खोल पाण्यात आहे. तिचे शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस, फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रोजे ऐम यांनी १९४२ साली दिलेले. ती फक्त आफ्रिकेत आणि आशियात आढळते, आणि वाळवीशिवाय तिला जगता येत नाही. वारुळाच्या पोटात वाळवी चावलेल्या लाकूडपाल्याच्या विष्ठेचे जाळीदार थर रचते, त्यावर ही बुरशी वाढते आणि लाकडातले वाळवीला न पचणारे भाग मऊ करून देते. थरांवर साबुदाण्यापेक्षा बारीक पांढरे दाणे येतात, तेच वाळवीचे अन्न. हे दाणे भारतात फार पूर्वी नजरेला आले होते. तंजावर-तरंगमबाडी भागात राहणाऱ्या योहान केनिश या वैद्याने १७७९ साली वाळवीवर निबंध लिहिला, त्यात त्यांची नोंद आहे. टांझानियात सापडलेल्या वाळवीच्या जीवाश्म थरांवरून ही शेती अडीच कोटी वर्षांपूर्वीही चालू होती असे दिसते. माणसाच्या शेतीला जेमतेम बारा हजार वर्षे झाली, हे लक्षात घेतले की वाळवीवर विषारी औषध फवारताना हात क्षणभर थबकायला हरकत नाही. फवारायचे नाही असे नव्हे. घराच्या वाशांचाही प्रश्न असतोच.

पावसात या शेतातून एक लांब मुळासारखा दांडा वर सरकतो, कधी हातभर माती भेदून, आणि टोकदार टोपी बाहेर डोकावते. रत्नागिरीच्या गावांतून अळंबीच्या जागा ठरलेल्या असतात आणि त्या सांगितल्या जात नाहीत. सासू सुनेला दाखवते, तीही लगेच नाही. गडग्याच्या कडेला, काजूच्या बागेत, बांधावर, जिथे वारूळ आहे पण बाहेरून टेकाड दिसत नाही अशा ठिकाणी पहाटे जावे लागते. दिवस वर आला की टोपी उघडते, अळ्या लागतात आणि चवही उतरते. घरी आणून माती खरवडायची, कांदा आणि ओल्या खोबऱ्यावर परतायची. मसाला जितका कमी तितके बरे. ज्यांनी बाजारातली बटण मशरूम आधी खाल्ली त्यांना ही चव फार तीव्र वाटते, तो त्यांचा दोष नव्हे.

कळी कोवळी तितका भाव जास्त, आणि इथेच गोम आहे. बहुतेक जातींत उडते राजा-राणी नवे वारूळ मांडायला निघतात तेव्हा बुरशी सोबत नेत नाहीत. नव्या वारुळातले पहिले कामकरी बाहेर पडतात, आणि पाल्यापाचोळ्याबरोबर पडलेले अळंबीचे बीजाणू उचलून आणतात. उघडलेल्या छत्रीखालून बीजाणू गळलेच नाहीत, तर त्या कोवळ्या वारुळाला शेतीचे बियाणे मिळणार कुठून? गोव्यात हा विषय चांगलाच तापलेला आहे. तिथे अळंबीला ओळमी म्हणतात, आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ नंदकुमार कामत वर्षानुवर्षे तिच्या संरक्षणासाठी लिहीत आले आहेत. अभयारण्यांतून ओळमी काढू नये म्हणून वन खाते बजावते. गोव्यात आणि सिंधुदुर्गात सातेरी देवी वारुळाच्या रूपाने पूजली जाते, त्यामुळे देवळातले वारूळ तरी सुरक्षित असते. रत्नागिरीतल्या बांधावरच्या वारुळाला तसे संरक्षण नाही. टोपलीभर अळंबींतल्या दोन-चार उघडलेल्या जागच्या जागी सोडून यायला मात्र कायदा लागत नाही.

वारुळात आणखी एक भाडेकरू असतो, आणि तो पुन्हा पेलाबुरशीच्या मोठ्या घराण्याकडे आणून सोडतो. झायलेरिया. तिचेही बीजाणू नळ्यांतच तयार होतात, फक्त त्या नळ्या पेल्यात उघड्या नसून सूक्ष्म सुरयांत बंद असतात. वारूळ नांदते आहे तोवर तिचे तंतू त्या थरांत दबून राहतात. वाळवी सतत साफसफाई करते आणि तिला डोके वर काढू देत नाही. वाळवी मेली किंवा निघून गेली की झायलेरिया उरलेल्या शेतावर ताबा मिळवते आणि ओसाड वारुळातून काळ्या, बारीक काड्या वर येतात. तिच्यातली झायलेरिया नायग्रिपस ही जात जमिनीखाली काळ्या सालीचे, आतून पांढरे, टणक गोळे करते. केरळात त्याला 'निलमांगा' म्हणतात, जमिनीतला आंबा, आणि औषधात वापरतात. चीनमध्ये त्याच गोळ्याला 'वू लिंग शन' म्हणून झोपेच्या विकारांवर देतात. विहीर खणताना किंवा कलमांसाठी खड्डे काढताना असा गोळा फावड्याला लागला, तर तो दगड समजून बाजूला फेकला जाण्याची शक्यता फार.

जमिनीखालच्या बुरशीला 'दुर्मीळ' म्हणताना हे फेकलेले गोळे आठवायला हवेत. झाडावरचा पक्षी दिसला नाही तर तो नाही असे पुष्कळ निरीक्षक मिळून म्हणू शकतात. मातीखाली कोण पाहते? युरोपात ट्रफलच्या नोंदी भरपूर आहेत, कारण तिथे शेकडो वर्षे पैशासाठी कुत्री हिंडली. कोकणातली माती मुळांसाठी, पाण्यासाठी, चिऱ्यांसाठी खणली गेली. बुरशीसाठी फारच थोडी. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत कवकांचा संग्रह आहे, आजरेकर या भारतीय कवकशास्त्रातल्या अग्रणींच्या नावाने. दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून उभे आहे. शहाणे डोळे आहेत, पण ते फावड्याच्या जागी नसतात. फावडे गड्याच्या हातात असते, आणि त्याला या गोळ्याचे काय करायचे हे कुणी सांगितलेले नसते.

खणून शोधण्याऐवजी लावून पाहण्याचाही एक रस्ता आहे. स्पेनमध्ये मुर्सिया विद्यापीठातल्या मंडळींनी १९९९ साली हेलियांथेममच्या मुळांना टेर्फेझियाची बुरशी लावून बाग केली आणि दोन वर्षांत तिला फळ आले. वाळवंटातली कमा अशी माणसाळते आहे. वाळवीची अळंबी मात्र प्रयोगशाळेत तंतूंपर्यंत येते, छत्री धरत नाही; ती अजून वाळवीचीच आहे.

तर फावड्याला असा अनोळखी गोळा लागलाच तर आधी तो सुरीने उभा कापून पाहावा. आत अर्ध्या घडीची छत्री, दांडा आणि पडद्यांची रेघ दिसली तर ती कोवळी छत्री. अमानिटा या प्रजातीतल्या जीवघेण्या छत्र्याही कोवळेपणी अशाच अंड्यासारख्या असतात. चांदीचे नाणे काळे पडते का, लसूण काळवंडते का, या घरगुती परीक्षा त्या विषापुढे निरुपयोगी आहेत. बुळबुळीत थर निघाला तर ती जाळीवाली दुर्गंधी बुरशी, उद्या माश्या बोलावणारी. काळी साल आणि आत घट्ट पांढरा गर, शेजारी वारुळाचे जाळीदार अवशेष, तर झायलेरिया. नागमोडी रेषा दिसल्या किंवा गोळा पोकळ निघून आतून गुळगुळीत अस्तर लागले, तर मात्र चाखायचे नाही आणि फेकायचेही नाही. गोळा नेमका कुठे, कोणत्या झाडाखाली, किती खोल, कोणत्या तारखेला सापडला हे लिहून अर्धा भाग सावलीत वाळवावा आणि दापोलीला किंवा पुण्याला पोहोचवावा. ओला भाग पाठवायचा असेल तर कागदात गुंडाळून. प्लास्टिकच्या पिशवीत तो दोन दिवसांत कुजतो आणि ओळखायला काही उरत नाही.